काट्यावर सगळं कळतं

रात्री मागून येणाऱ्याला उसाची ट्रॉली कशी दिसते, हे कोरेगावच्या रस्त्यावर मोटारसायकल चालवणाऱ्याला विचारावं. ती दिसत नाही. आधी वास येतो, कापलेल्या उसाचा ओला, गोडसर. मग रस्त्यावर सांडलेल्या कांड्या चाकाखाली कटकटतात. मग हेडलाइटच्या उजेडात एक काळपट भिंत उभी राहते आणि तोवर ती बहुधा अगदी पुढ्यात आलेली असते. भिंतीला दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही. असलीच तर ती उसाच्या लोंबत्या शेंड्यांखाली झाकलेली.

समोरून एखादा ट्रक पूर्ण लाइट मारत येत असेल तर तेवढंही दिसत नाही.

ट्रकची सुरक्षितता म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घाट येतो, फेल झालेले ब्रेक येतात, पहाटे डुलकी लागलेला ड्रायव्हर येतो. ते सगळं खरं आहे आणि त्याबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण कोरेगाव, रहिमतपूर, वाठार या पट्ट्यात हिवाळ्यातल्या रात्री भीती वाटते ती भरधाव गाडीपेक्षा ताशी पंधरा-वीसच्या वेगाने रांगणाऱ्या गाडीची. ती कुणाच्या अंगावर येत नाही, आपणच तिच्यावर जाऊन आदळतो. आणि पंचनाम्यात बऱ्याचदा लिहिलं जातं की मोटारसायकलस्वाराने ‘पाठीमागून धडक दिली’. वाक्य व्याकरणाने बरोबर आहे. त्याने नेमकं काय घडलं हे मात्र कळत नाही.

साताऱ्याहून पूर्वेला निघालं की संगम माहुलीजवळ कृष्णा ओलांडायची, मग वीसेक किलोमीटरवर कोरेगाव. पुढे हाच रस्ता पुसेगाव, दहिवडी, म्हसवड करत अकलूज-टेंभुर्णीकडे जातो. उत्तरेला वाठार स्टेशन आणि सालपे घाटातून लोणंद, दक्षिणेला रहिमतपूर. तालुका तसा दोन तोंडांचा. कृष्णेच्या आणि कालव्याच्या पाण्याखाली आलेला भाग ऊस आणि आलं पिकवतो, उत्तरेकडचा भाग पावसाकडे डोळे लावून बसतो. कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळवून बसला, तो या कमी पाण्याच्या शेतीच्या जिवावर. रस्त्यावर मात्र राज्य उसाचं. खुद्द तालुक्यात चिमणगावला जरंडेश्वर कारखाना आहे. शिवाय इथला ऊस शेंद्र्याच्या अजिंक्यतारा, यशवंतनगरच्या सह्याद्री आणि भुईंजच्या किसन वीर कारखान्यांकडेही जातो. म्हणजे हंगामात ऊस सगळ्या दिशांना धावतो, आणि बऱ्याचदा दोन कारखान्यांच्या गाड्या एकमेकींना समोरासमोर पार करतात, एक इकडचा ऊस तिकडे आणि दुसरी तिकडचा ऊस इकडे घेऊन. यामागचं अर्थशास्त्र आणि राजकारण वेगळ्या लेखाचा विषय आहे. रस्त्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की गरजेपेक्षा जास्त किलोमीटर ऊस रस्त्यावर असतो.

ऊस चार प्रकारांनी जातो. ट्रक, ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या, बैलगाडी आणि ‘जुगाड’. जुगाड म्हणजे छोट्या ट्रॅक्टरमागे बैलगाड्यांसारख्या दोन गाड्या जोडलेल्या. यांतल्या ट्रकची बनावट निदान रस्त्यासाठी झालेली असते. त्याला हवेचे ब्रेक असतात, २०१५पासूनच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, मागून येणारी गाडी खाली घुसू नये म्हणून आडवा लोखंडी दांडा लावण्याचा नियम आहे. खरी गंमत ट्रॅक्टरची आहे, आणि ‘गंमत’ हा शब्द मी नाइलाजाने वापरतोय.

ट्रॅक्टर हे शेताचं यंत्र. त्याचे ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात, आणि डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळे पेडल असतात. ते शहाणपणाने दिलेले आहेत: नांगरताना बांधाशी वळायचं तर एकाच बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर जागेवर फिरवता येतो. रस्त्यावर येताना ही दोन्ही पेडलं पट्टीने एकत्र अडकवायची असतात. ती अडकवली नाहीत आणि घाईत एकच दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर थांबण्याऐवजी वळतो. आता या दोन-अडीच टनांच्या यंत्रामागे दोन ट्रॉल्या जोडा आणि त्यांत वीस टनांच्या आसपास ऊस भरा. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. म्हणजे सगळं ओझं थांबवायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला पुढे ढकलते. चढावर उलटं होतं, ओझं मागे ओढतं आणि पुढची चाकं जमिनीवरून उचलली जातात. म्हणून पुढे दगड, लोखंड, काहीतरी वजन बांधलेलं दिसतं. चाकं उचलली की स्टिअरिंग फिरवून काही होत नाही. पुढची चाकं हवेत धरून ट्रॅक्टर चालवण्याचे व्हिडिओ गावोगावची पोरं कौतुकाने पाहतात. त्याच वेळी मागून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला काय वाटतं, ते व्हिडिओत येत नाही.

ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली, पहिली आणि दुसरी, यांना जोडणारी एक पिन असते. मनगटाएवढी. तिला अडकवायची साखळी आणि वरून निघू नये म्हणून लावायची खिळी हे दोन्ही असतील तर ती पिन भरवशाची. नसतील तर खड्ड्यात उसळून ती निघते आणि मागची ट्रॉली स्वतःच्या मर्जीने रस्त्यावरून चालू लागते. पुढच्याला हे कळायला वेळ लागतो, कारण डेकवर गाणी मोठ्याने लावलेली असतात. डेकचा त्रास म्हणून पोलिस कारवाई करतात, ती गावाची झोप मोडते म्हणून. माझ्या मते त्याहून मोठं कारण हे आहे.

कायद्याची एक नजर इथे पाहण्यासारखी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८मध्ये ‘हलक्या वाहना’ची व्याख्या आहे, साडेसात हजार किलोपर्यंत. मालवाहू गाडीसाठी हे वजन भरलेल्या गाडीचं मोजतात. ट्रॅक्टरसाठी मात्र रिकाम्या ट्रॅक्टरचं. त्यामुळे मागे वीस टन लटकत असले तरी पुढचा ट्रॅक्टर ‘हलका’च राहतो. शेतकऱ्याला बियाणं-खताची ट्रॉली ओढायला अवजड वाहनाचा परवाना मागू नये, हा त्यामागचा हेतू असेल तर तो रास्तच आहे. पण ऊसवाहतूक ही पाच महिने चालणारी, रात्रंदिवस धावणारी, राष्ट्रीय महामार्ग वापरणारी मालवाहतूक आहे. तिला बियाण्याच्या पोत्याच्या रांगेत उभं करून कसं चालेल?

आता काट्याकडे येऊ.

कारखान्याच्या गेटमधून आत गेलेली प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चढते. भरलेलं वजन, गव्हाणीत ऊस खाली केल्यावर रिकामं वजन, त्यातून निघालेला ऊस, वेळ, गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव. सगळं पावतीवर छापून येतं. उसाचा काटा हा इथल्या शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा विषय. काटामारीवरून आंदोलनं झालेली आहेत, किलोकिलोचा हिशेब मागितला गेलेला आहे. एवढ्या काटेकोरपणे जगात फार थोड्या रस्त्यांवरचा माल मोजला जात असेल. आणि याच पावतीवरून सरळ कळतं की ही गाडी तिच्या पासिंगपेक्षा, म्हणजे नोंदणीत मंजूर वजनापेक्षा, किती टन जास्त भरून रस्त्याने आली. ओव्हरलोड पकडायला आरटीओच्या पथकाला रस्त्याच्या कडेला दबा धरून बसावं लागतं अशी आपली समजूत आहे. ऊस हा असा माल आहे ज्याचा ओव्हरलोड दर खेपेला लेखी पुराव्यासह नोंदवला जातो आणि त्या नोंदीवरच पैसे दिले जातात.

२०१९च्या सुधारणेनंतर अधिनियमाच्या कलम १९४मध्ये जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, असंही त्यात म्हटलंय. माल गाडीच्या बाहेर बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेपलीकडे आला तर त्याला वेगळे २०,०००. पण या कलमातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग दंडाचा आकडा नाही. कलम फक्त चालवणाऱ्याला धरत नाही. ‘चालवायला लावणारा’ आणि ‘चालवू देणारा’ यांनाही धरतं. रस्त्यावर दंडाची पावती मात्र फाटते ती ड्रायव्हरच्या किंवा गाडीमालकाच्या नावावर. चालवू देणारा कोण, हे काट्यावर कळतं, पण तिथे कुणी विचारत नाही.

जादा भरण्याची सवय कुणाच्या हावेतून आली असं सोपं उत्तर देता येत नाही. वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. गाडीमालकाने ट्रॅक्टर-ट्रॉल्या कर्ज काढून घेतलेल्या. तोडणीच्या टोळीला मुकादमामार्फत उचल दिलेली, ती हंगामात फिटली पाहिजे; बीड, जालना, सोलापूरकडून आलेली माणसं पहाटे थंडीत फडात उतरतात ती त्या उचलीच्या बदल्यात. कारखान्यावर नंबर लागायला कधी सहा तास, कधी एक रात्र आणि वर अर्धा दिवस. गाडी उभी राहिली की खेप बुडाली. मग जी खेप होते तीत जेवढं मावेल तेवढं भरायचं आणि त्याच्यावर आणखी चार मोळ्या. शिवाय महाराष्ट्रात तोडणी-वाहतुकीचा खर्च कारखाने शेतकऱ्याच्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या सरकारी किमान दरातूनच कापून घेतात. म्हणजे त्या बिनदिव्याच्या ट्रॉलीचं भाडं ज्याच्या खिशातून जातं, त्याचाच मुलगा संध्याकाळी कोरेगावहून मोटारसायकलवर घरी येत असतो. हे लिहिताना मला काही अलंकारिक लिहिल्यासारखं वाटत नाही; पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघात हे नातं इतकं सरळ आहे.

सरकारनेही वजनाच्या बाबतीत एकदा हात सैल केला आहे. जुलै २०१८मध्ये देशभरात ट्रकच्या एक्सलवरची भारमर्यादा वाढवली गेली. तीन एक्सलच्या ट्रकला पूर्वी २५ टन एकूण वजनाची परवानगी होती, ती साडेअठ्ठावीस झाली. सांगितलं गेलं की गाड्या आता मजबूत आहेत, आणि जो जादा माल चोरून जातो तो कायदेशीर होईल. तो कायदेशीर झालाही. मग नव्या मर्यादेवर जादा भरणं सुरू झालं.

आता परावर्तक पट्टीबद्दल लिहितो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट तीच आहे. हिशेब साधा आहे. ताशी साठचा वेग म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. समोर काही आहे हे लक्षात येऊन ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा, त्यात २५ मीटर संपले. ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी पंचवीस-तीस. म्हणजे पन्नास-पंचावन्न मीटर आधी दिसलं तर माणूस वाचतो. डिपरवर मोटारसायकलच्या उजेडात ऊस चाळीस मीटरवर दिसला तरी नशीब. हा दहा-पंधरा मीटरचा फरक म्हणजे ट्रॉलीचा मागचा भाग. परावर्तक पट्टी हाच उजेड चालकाच्या डोळ्याकडे परत पाठवते, त्यामुळे ती कितीतरी लांबून दिसते, तिला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी असा रंगांचा नियमही ठरलेला आहे.

अमेरिकेत अवजड ट्रेलरना अशी पट्टी १९९३च्या अखेरीपासून सक्तीची झाली. मग तिथल्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेने फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांतल्या पोलिसांच्या नोंदी तपासून २००१मध्ये अहवाल दिला. अंधारात ट्रेलरच्या बाजूला किंवा मागे आदळण्याचे अपघात पट्टीमुळे २९ टक्क्यांनी कमी झाले होते. जिथे रस्त्यावर दिवेच नाहीत तिथे ४१ टक्क्यांनी. कोरेगाव-पुसेगाव रस्त्याला यातला दुसरा आकडा लागू पडेल, हे सांगायला नको.

मागच्या आडव्या दांड्याचीही एक गोष्ट आहे. १९६७च्या जूनमध्ये लुइझियानात जेन मॅन्सफील्ड ही हॉलिवुडची नटी बसलेली गाडी रात्री एका ट्रेलरच्या मागे घुसली. गाडीचं बोनेट ट्रेलरच्या खाली गेलं आणि वरचा भाग चिरडला. त्यानंतर या दांड्याला तिकडे तिचंच नाव पडलं, ‘मॅन्सफील्ड बार’. आपल्याकडच्या ट्रकना तो लावायचा नियम आहे, पण बऱ्याच गाड्यांचा दांडा वाकलेला, गंजलेला, किंवा मागे माल उतरवायला आड येतो म्हणून कापून टाकलेला. ट्रॉलीच्या मागे तर नेमका डोक्याच्या उंचीवर लोखंडी फाळका येतो. हेल्मेट घातलं तरी त्या उंचीला हेल्मेटचा फारसा उपयोग होत नाही.

आपल्या जुन्या माणसांना हे कळत होतं. बैलगाडी रात्री निघाली की जुवाखाली किंवा आसाला कंदील टांगलेला असायचा. गाडीवान झोपला तरी बैल वाट चुकत नसत आणि हलणाऱ्या कंदिलावरून मागच्याला कळायचं की पुढे गाडी आहे. रस्त्याकडेच्या वडा-चिंचेच्या बुंध्यांना बांधकाम खातं गेरू आणि चुन्याचे पट्टे मारायचं. तेव्हा ते शोभेसाठी आहेत असं आम्हाला वाटायचं. रुंदीकरणात या भागातली ती झाडं मोठ्या संख्येने गेली. रस्ते गुळगुळीत झाले, वेग वाढला आणि रस्त्याची कड सांगणारे पट्टे झाडांबरोबर गेले. नवे कॅट-आय बसतात, पहिल्या पावसाळ्यात काही उखडतात.

बिघडलेल्या गाडीचं प्रकरण याहून वाईट. पंक्चर झालं की ट्रॉली जागेवरच उभी राहते, कारण भरलेली ट्रॉली साईडपट्टीवर घेतली तर ती कलते आणि ऊस सांडतो. मग आजूबाजूचे दगड उचलून तिच्या मागे-पुढे मांडतात, कुणी झुडपाची फांदी टाकतं. तीन कोनांचं लाल परावर्तक चिन्ह गाडीत ठेवणं अवघड नाही, पण दगड फुकट मिळतात. काम झालं की गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात, रस्त्याच्या मधोमध, रात्री दुसऱ्या कुणासाठी.

पुणे-सातारा महामार्गावरचं चित्र वेगळं आहे आणि ते आपल्याला पेपरातून जास्त माहीत असतं. कोरेगावपासून फार लांब नसलेला खंबाटकी घाट. पुण्याकडून येणारी वाहतूक घाटाने चढते, साताऱ्याकडून जाणारी बोगद्यातून निघते आणि बोगद्यानंतरच्या इंग्रजी ‘एस’सारख्या वळणावर उतरते. १० एप्रिल २०१८च्या पहाटे याच घाटात विजयपूर भागातल्या बांधकाम मजुरांना घेऊन निघालेली मालवाहू गाडी उलटली आणि १८ जण गेले. माल नेणाऱ्या गाडीत माणसं बसवलेली होती. नव्या जुळ्या बोगद्यांचं काम ते वळण टाळण्यासाठीच काढलेलं आहे. पण वळण सरळ केलं म्हणून टेम्पोत माणसं भरणं थांबेल असं नाही.

तिथून पुढे पुण्यात शिरताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडल्यावर नवले पुलापर्यंतचा लांब उतार. २० नोव्हेंबर २०२२ला तिथे एका अवजड गाडीने एका मागोमाग कितीतरी वाहनांना ठोकरलं. पहिली बातमी नेहमीप्रमाणे ‘ब्रेक फेल’. तपासात मात्र उतारावर डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद केल्याचं पुढे आलं. हे समजून घेण्यासारखं आहे. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. इंजिन बंद केलं की टाकीत असेल तेवढीच हवा. चार-सहा वेळा ब्रेक दाबला की दाब उतरतो. गाडी न्यूट्रल केली तर इंजिनाचा अडसर जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. जुने ड्रायव्हर शिकाऊ पोराला सांगतात की घाट ज्या गिअरला चढायचा त्याच गिअरला उतरायचा. सांगणं सोपं. वाचलेल्या डिझेलमधून त्याला चार पैसे सुटत असतील तर?

ड्रायव्हर किती तास चालवतो हा प्रश्न कायद्याने १९६१मध्येच सोडवला होता. त्या वर्षीच्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी तरतूद होती. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२०मध्ये दहा शहरांतल्या ट्रकचालकांशी बोलून अहवाल केला, त्यात ते सरासरी बारा तास रोज चालवतात आणि जवळजवळ निम्मे जण थकलेले किंवा झोपेत असतानाही चालवतो असं कबूल करतात, असं आढळलं. १९६१ आणि २०२० यांच्यामध्ये जे अंतर आहे ते रोज रात्री महामार्गावर धावतं. १ ऑक्टोबर २०२५पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालं, ही या सगळ्यातली एक खरी चांगली बातमी. चाळीस अंशांत इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाकडून सावधपणाची अपेक्षा आपण इतकी वर्षं कोणत्या तोंडाने करत होतो, कोण जाणे.

ट्रकवाल्याला दोष देणं सोपं असतं आणि तो दोष तो मुकाट्याने घेत नाही, हे १ आणि २ जानेवारी २०२४ला दिसलं. भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती, त्याविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ती तरतूद मग बाजूला ठेवली गेली. त्यांचं म्हणणं असं होतं की थांबलो तर जमाव मारतो. ते खोटं नाही. पळालेल्या गाडीमुळे तडफडणारा माणूसही खोटा नाही. दोन्ही खरं असताना शिक्षेचा आकडा वाढवून काय हाती लागणार होतं, हे कायदा करणाऱ्यांनाच माहीत.

२०२२मध्ये महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५,२२४ माणसं गेली. देशात १,६८,४९१. हे आकडे मी एकदाच लिहितो, कारण आकड्यांनी कुणी गाडीला पट्टी लावल्याचं मी पाहिलेलं नाही.

अपघात झाल्यावर काय, हे मात्र प्रत्येक घराला माहीत असायला हवं. १०८ला फोन. मे २०२५पासून देशात जखमीच्या उपचारासाठी दीड लाख रुपयांपर्यंत, पहिल्या सात दिवसांची रोकडरहित योजना आहे. गाडीचा विमा आहे की नाही हे त्यासाठी पाहत नाहीत. ठोकून गेलेली गाडी सापडलीच नाही तर मृताच्या कुटुंबाला दोन लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात, त्यासाठी तहसील किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करायचा. आणि गाडी सापडली तर खरी लढाई दावा न्यायाधिकरणात. तिथे ट्रॅक्टरचा विमा आहे पण ट्रॉलीची नोंदणी आणि विमा नाही, किंवा शेतीसाठी घेतलेला ट्रॅक्टर भाड्याने ऊस ओढत होता, असे मुद्दे निघतात. ट्रॉली ही कायद्याने स्वतंत्र वाहन आहे, तिला स्वतंत्र नंबर लागतो. रस्त्यावर उभं राहून मोजा, किती ट्रॉल्यांच्या मागे नंबर वाचता येतो ते.

दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा महिना येतो. साताऱ्यात, कराडात, सांगलीकडे वाळवा-पलूस पट्ट्यातही कारखान्यांच्या आवारात कार्यक्रम होतात. परिवहन अधिकारी, पोलिस निरीक्षक, कारखान्याचे पदाधिकारी, नारळ, एक सजवलेली ट्रॉली आणि तिच्या मागे पट्टी चिकटवतानाचा फोटो. काम चांगलं आहे, मी त्याची टिंगल करत नाही. पण ऊस तोडायला सुरुवात होते नोव्हेंबरात. जानेवारीपर्यंत निम्मा हंगाम उरकलेला असतो आणि सगळ्यात लांब, धुक्याच्या, अंधाऱ्या रात्रीही त्याच दोन महिन्यांत जातात. शिवाय पट्टी चिकटवतात ती रिकाम्या ट्रॉलीच्या फाळक्यावर. ऊस भरला की शेंडे त्यावर लोंबतात आणि पट्टी आत झाकली जाते. ती लावायची तर ऊस भरल्यावर मागे टांगता येईल अशा फळीवर किंवा ताडपत्रीच्या तुकड्यावर लावून, दोरीने बांधून. हे कुणा तज्ज्ञाला विचारायला नको, कोणताही गाडीवान सांगेल.

म्हणून माझं म्हणणं फार छोटं आहे. गाळप परवाना देताना साखर आयुक्तालय कारखान्यांना अटी घालतंच. वाहतुकीचा करार कारखाना किंवा त्याची तोडणी-वाहतूक संस्था करते. कारखानाच गाडी गेटमधून आत घेतो, काट्यावर चढवतो, पैसे देतो. दिवा नसलेली, पट्टी झाकलेली, खिळी नसलेल्या पिनेची गाडी काट्यावर वजन न करता बाजूला उभी केली, तर आठवड्यात सगळ्या गाड्यांना दिवे लागतील. एकाही पोलिसाची गरज नाही. पासिंगपेक्षा जास्त वजनाच्या टनांचे वाहतुकीचे पैसे दिले नाहीत, तर जादा मोळ्या टाकण्याचं कारणच उरणार नाही. यावर उत्तर मिळतं की असं केलं तर ऊस दुसऱ्या कारखान्याला जाईल. जाईलच, जर एकाच कारखान्याने केलं तर. जिल्ह्यातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी केलं तर ऊस कुठे जाणार? उसाच्या दरावर आणि झोनवर एकत्र बसणाऱ्यांना हे जमणार नाही असं मानायला मी तयार नाही.

दुसरं उत्तर मिळतं की नंबर लागायला उशीर झाला तर गाडीवाला ओरडतो. हे जास्त खरं आहे. रात्रभर रांगेत थांबलेला माणूस पहाटे रिकामी गाडी घेऊन दुसऱ्या खेपेसाठी वेगाने निघतो, आणि रिकामी दुहेरी ट्रॉली भरलेलीइतकीच वाईट: ती मागे सापासारखी डोलते. नंबर मोबाइलवर कळवण्याची सोय झाली, गाडी शेतातच थांबली आणि वेळेवर निघाली, तर त्या माणसाला चार तास झोप मिळेल. त्यासाठी कारखान्याच्या शेतकी ऑफिसने तोडीचं वेळापत्रक वशिल्याशिवाय चालवलं पाहिजे. आता बघा, दिव्याबद्दल बोलायला निघालो होतो आणि वशिल्यापाशी येऊन थांबलो. या तालुक्यात कुठलाही रस्ता धरला तरी तो शेवटी तिथेच जातो.

गेल्या हंगामात एका संध्याकाळी कोरेगावबाहेर थांबलो होतो. दोन डबल ट्रॉल्या गेल्या, एकीच्या मागे दिवा होता, पण विझलेला. मग एक ट्रक, मागे एक लाल दिवा चालू, एक फुटलेला. त्यांच्या मागोमाग तोडणी कामगाराची बैलगाडी. उसाच्या मोळीवर बाई, तिच्या मांडीवर पोर, शिंगांना रंग लावलेले बैल. गाडीच्या मागच्या बाजूला सुतळीने तीन सीडी बांधलेल्या होत्या, जुन्या सिनेमांच्या किंवा भजनांच्या असतील, आणि त्यांच्याखाली युरियाच्या रिकाम्या पिशवीचा पांढरा तुकडा. मागून मोटारसायकल आली तशा त्या सीडी चमकल्या, मोटारसायकल हळू झाली आणि गाडीला वळसा घालून पुढे गेली.